उंबऱ्याआतली प्रार्थना

प्रार्थना करणं म्हणजे गुणवंतरावांच्या डाव्या हातचा मळ होता. कुणाचं लेकरू आजारी असो, कुणाच्या नव्या घराची चौकट बसायची असो की कुणाच्या धानावर रोग पडलेला असो, मिशनच्या या प्रचारकभाऊंनी उभं राहायचं, डोळे मिटायचे, की शब्द सुरू. शब्दही असे तसे नाहीत, छापील. घरी बायकोशी 'मले-तुले' बोलणारा हा माणूस देवापुढे गेला की थेट पुस्तकात शिरायचा. आरमोरीपासून अकरा मैलांवरच्या त्या जंगलातल्या गावात ख्रिस्ती घरं होती सात, आणि सातही घरांत अशी समजूत होती की देवाला एवढं चांगलं ऐकायची सवय लागल्यावर तो आपलं मोडकंतोडकं काय ऐकणार. गुणवंतरावांनी ही समजूत कधी मोडून काढली नाही. खरं सांगायचं तर ती त्यांना आवडायची.

ते मूळचे चंद्रपूरचे, आईबापांपासून ख्रिस्ती. अठरा वर्षांपूर्वी मिशनच्या सायकलवरून इथे आले ते इथलेच झाले. आता गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि गुणवंतराव बावन्न वर्षांचे होते. आणि त्या वर्षीच्या भादव्यापासून त्यांना प्रार्थना येईनाशी झाली होती.

चारचौघांत यायची. रविवारी प्रार्थनाघरात उभे राहिले की पूर्वीसारखीच धो धो यायची. पण सकाळी घरात एकटे गुडघे टेकले की काही म्हणजे काही नाही. छपराची कवेलू मोजायचे आणि उठायचे. बायकोच्या, इंदुताईंच्या, नजरेतून ते सुटलं नाही. एकदा त्या चुलीपुढूनच म्हणाल्या, "चहाले उकळी नाई आली आन् तुमी उठलेबी? पह्यले तर मी दोनदा हाक मारत होती."

गुणवंतराव म्हणाले, "गुडघे दुखते." गुडघे दुखत नव्हते.

झालं होतं ते असं. त्या भागात तापाची साथ आली की रामाजी पुजारी गाव बांधायचा. शिवेवर चारी दिशांना खुंट्या ठोकायच्या, कोंबडं द्यायचं, आणि मग तीन दिवस गावचं माणूस शिवेबाहेर जायचं नाही, बाहेरचं आत यायचं नाही. मधेच कुणी शीव ओलांडली की बांधणी तुटली, सगळं वाया. ही चाल गावात कधीपासूनची होती ते खुद्द रामाजीलाही ठाऊक नव्हतं. गुणवंतरावांनी सुरुवातीची सोळा वर्षं या बांधणीवर तोंडसुख घेतलं. तरी साथ आली की त्यांच्याच सात घरांतले लोक गुपचूप रामाजीच्या अंगणात जाऊन बसायचे, आणि रविवारी मान खाली घालून प्रार्थनेला यायचे. मग दोन वर्षांपूर्वी गुणवंतरावांच्या डोक्यात एक कल्पना आली. रामाजी गाव बांधतो ना, आपण घर बांधू.

आजाऱ्याच्या घरी प्रचारकानं जायचं. घरची माणसं आणि प्रचारक, तीन दिवस उपास, दिवसातून तीनदा प्रार्थना, आणि तिसऱ्या संध्याकाळचं आमेन होईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. मागच्या परसात जायची तेवढी मोकळीक, कारण देवालाही काही गोष्टी कळतात. मिशनच्या पाळकसाहेबांना यातलं काही कळवलं नव्हतं. शास्त्रात असं कुठे आहे, असं त्यांनी विचारलं असतं आणि गुणवंतरावांना ते दाखवता आलं नसतं. पण पहिल्या वर्षी तीन घरं बांधली आणि तिन्ही घरांतला ताप उतरला. निम्मे ताप तीन दिवसांत आपसूकच उतरतात हे गुणवंतरावांना माहीत होतं. ते त्यांनी मनातल्या मनातही फारसं बोलून दाखवलं नाही. लोक रामाजीचं अंगण सोडून इकडे वळले, आणि आपल्या देवाची गावात वट वाढली म्हणून गुणवंतराव खूश झाले. देवाची की आपली, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता.

भादव्यात वारलूच्या बायकोला, मंगलीला, थंडी वाजून ताप आला. वारलू गोंडाचा पोरगा, ख्रिस्ती होऊन पाच वर्षं झालेला, जे सांगाल ते शंभर टक्के खरं मानणारा. घर बांधलं. आत मंगली, वारलू, त्यांची सहा वर्षांची सोमारी आणि गुणवंतराव. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलीनं वारलूला ओळखलं नाही. ती आपल्या मेलेल्या आईशी गोंडीत बोलायला लागली. आणि त्याच वेळी हिवतापवाल्यांची जीप गावात आली.

दोघं जण होते. बोटं टोचून, काचेवर रक्त घेत ते घरोघरी फिरत होते. वारलूच्या अंगणातून त्यांनी आत डोकावून पाहिलं, मंगलीचे डोळे पाहिले, आणि एक जण म्हणाला, "या बाईले आत्ताच्या आत्ता गाडीत घाला. आमी आरमोरीलेच चाललो. डोक्यात चढला ताप."

वारलूनं गुणवंतरावांकडे पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. पण अंगणापलीकडे मोहाच्या झाडाखाली रामाजी उभा होता, पाचसहा माणसं घेऊन, हाताची घडी घालून. प्रचारक स्वतःची बांधणी स्वतः तोडतो का, तेवढंच त्याला बघायचं होतं. गुणवंतरावांनी रामाजीला पाहिलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं प्रार्थना सुरू केली. जीपवाले थोडा वेळ थांबले. मग इंजिनाचा आवाज झाला आणि गाडी गेली.

तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, मंगली गेली.

मातीच्या दिवशी वारलू गुणवंतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, माहीच चुकी झाली. जीप आली तवा माह्य मन जाऊन तिच्यात बसलं. आंग घरात होतं, पण मन उंबरा वलांडून गेलं. त्याच्यानंच बांधनी तुटली ना?"

या ठिकाणी माणसानं काय बोलायला हवं होतं ते तुम्हांआम्हांला कळतं, गुणवंतरावांनाही कळत होतं. त्यांनी वारलूच्या खांद्यावर हात ठेवला, मान हलवली आणि म्हणाले, "प्रभूची इच्छा." हलवलेली मान वारलूनं 'हो' म्हणून घेतली. ती तशी घेतली जाणार हे ठाऊक असूनच त्यांनी ती हलवली होती.

दुसऱ्या आठवड्यापासून वारलू रोज सकाळी कामावर जाण्याआधी गुणवंतरावांच्या ओसरीवर यायला लागला. त्याला प्रार्थना शिकायची होती. मन जागेवरून हलणार नाही अशी. गुणवंतरावांना त्याचं तोंड बघवत नव्हतं, पण नाही कुठल्या तोंडानं म्हणणार? तरुणपणी चंद्रपूरच्या शिबिरात जे काही ऐकलं होतं ते त्यांनी सांगितलं. बोलू नको, बस. श्वास घेताना प्रभूचं नाव घे, सोडताना घे. मन गेलं तर रागावू नको, हाताला धरून परत आण. त्यांनी स्वतः हे दोन दिवसांवर कधी केलं नव्हतं. वारलूनं केलं.

आधी तो फार कष्टी व्हायचा. डोळे मिटून तीच दोन वाक्यं बोलायचा: "प्रभू, मंगलीले मी मारलं. माह्य मन हाललं." हे झालं की गप्प बसायचा. गुणवंतराव शेजारच्याच चटईवर असायचे. पंधरा दिवसांनी त्याचं गप्प बसणं वाढलं. महिन्याभरानं असं झालं की सूर्य ओसरीवर चढून यायचा आणि वारलू तसाच बसलेला, चेहऱ्यावरचा ताण ओसरलेला. एकदा डोळे उघडून तो हळूच म्हणाला, "भाऊ, आज जरा येळ कोनी बाजूले येऊन बसल्यावानी वाटलं. बोललं नाई काही. बसलं फक्त."

गुणवंतरावांना त्या क्षणी वारलूचा हेवा वाटला. साधासुधा नाही, जळफळाट झाला. आयुष्यभर प्रार्थना करून त्यांच्या बाजूला कुणी येऊन बसलं नव्हतं, आणि हा, ज्याला धड वाचता येत नाही तो, त्यांच्याच खोट्यावर पाय ठेवून तिथे पोचला होता. मग त्यांना स्वतःचीच किळस आली. पण तरीही त्या दोन वाक्यांबद्दल ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी वारलूनं तीच दोन वाक्यं पुन्हा म्हटली आणि त्यांनी ती पुन्हा ऐकली.

कार्तिकात धान कापणीला आलं. एका सकाळी वारलू आला तो ओसरीवर बसलाच नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, "भाऊ, सोमारीले ताप हाये. कालपासून थंडी वाजून राह्यली. घर बांधाले या. या टायमाले माह्य मन नाई हालनार. आता जमते मले."

त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हेच सगळ्यात भयंकर होतं. गुणवंतराव तसेच अनवाणी त्याच्या मागं गेले. पोरगी गोधडीत कुडकुडत होती, डोळे वर चढत होते. हे डोळे त्यांनी ओळखले.

"वारलू, आरमोरीले नेऊ इले. आत्ताच."

"काऊन?" वारलूला खरोखरच कळेना. "तवा जीपीकडं पाह्यलं म्हून तर घात झाला. आता बाहीर नाई पाहाव. तुमीच शिकवलं ना, मन परत आनाव."

"दवाखान्यात नेनं म्हंजे काही मन हालनं नोहोय."

"मंग तवा काऊन नाई नेलं?"

हा प्रश्न वारलूनं भाबडेपणानं विचारला होता. त्याला फक्त नियम समजून घ्यायचा होता. गुणवंतरावांपुढे खरं बोलायची ही दुसरी वेळ आली होती. पण खरं सांगत बसायचं तर वेळ जाणार, वारलू कोसळणार, ऐकेल की नाही तेही सांगता येत नाही, आणि पोरगी हातची जाईल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. त्यात थोडं तथ्य होतं. बाकी नुसती भीती होती. त्यांनी डोळे मिटले, क्षणभर तसेच उभे राहिले आणि डोळे उघडून आपल्या प्रार्थनाघरातल्या छापील आवाजात म्हणाले, "वारलू, प्रभू आत्ता माझ्याशी बोलला. या लेकरास आरमोरीस ने, असं त्यानं सांगितलं."

वारलूचा चेहरा लगेच निवळला. "असं सांगा ना," तो म्हणाला आणि पोरीला गोधडीसकट उचललं.

सायकलच्या मागच्या कॅरिअरवर वारलू, त्याच्या मांडीवर सोमारी, आणि बावन्न वर्षांचे गुणवंतराव पॅडल मारत तीन मैल फाट्यापर्यंत. दहाची एसटी मिळाली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं पोरीचे डोळे पाहिले, रक्त घेतलं, लगेच बाटली लावली, तिच्यात औषध सोडलं आणि म्हणाला, "आणलं ते बरं केलं. उद्यापर्यंत थांबले असते तर काही खरं नव्हतं."

वारलू खाटेजवळ गुडघ्यांवर बसला तो उठलाच नाही म्हणायला हरकत नाही. गुणवंतराव बाहेर व्हरांड्यात बसून राहायचे. सोमारीच्या शेजारच्या खाटेवर पोट फुगलेला एक म्हातारा होता, त्याची बायको रुखमाबाई येताजाता वारलूकडे बघायची आणि पाऊल न वाजवता जायची. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. चौथ्या दिवशी सकाळी सोमारीनं डोळे उघडले, बापाला ओळखून हाक मारली आणि भात मागितला.

वारलूनं तिला पेजेचे दोन घास भरवले, ती झोपली तेव्हा तिचं तोंड पुसून तो बाहेर व्हरांड्यात आला आणि गुणवंतरावांच्या शेजारी बसला. समोर दवाखान्याच्या आवारात बायका धुणं वाळत घालत होत्या.

"भाऊ, एक पुसू काय?"

"पूस ना."

"सोमारीच्या टायमाले देव तुमच्याशी बोलला. मंगलीच्या टायमाले काऊन नाई बोलला?"

गुणवंतरावांकडे अशा प्रश्नांची उत्तरं होती. अठरा वर्षांत प्रत्येक मयताच्या अंगणात त्यांनी ती दिली होती. त्याचे मार्ग आपल्याला कळत नाहीत. तो देतो आणि नेतो. पण ती वाक्यं तोंडाशी येईनात, आणि तेवढ्यात वारलूनंच त्यांना वाट काढून दिली.

"माह्यच मन हाललं म्हून ना? त्यानं तोंड फिरवलं असल."

नुसती मान हलवायची होती. एकदा हलवलेली होतीच. देवावर ढकला नाहीतर वारलूवर ढकला, गुणवंतराव दोन्हीकडून कोरडे राहत होते. आणि वारलू त्यांच्याकडे पूर्ण विश्वासानं बघत होता.

"नाई," ते म्हणाले. "देव माह्याशी तवाबी नाई बोलला, आन् आताबी नाई. त्या सकाळी मी खोटं बोललो."

गुणवंतराव तिथेच थांबले नाहीत.

"तवा मी रामाजीले पाहून राह्यलो होतो. दार उघडलं तर तो गावभर हासल, एवढंच होतं मनात. तोंडानं मंगलीचं नाव घेत होतो, मांगत होतो माह्या इज्जतीसाठी. तुह्या मनाचा काही संबंध नाई, वारलू. तुह्य मन जीपीत जाऊन बसलं तेच बरोबर होतं. मी तुले थांबवलं."

बोलून झाल्यावर हलकं वाटेल असं त्यांना वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

वारलूनं मागे वळून दारातून आत पाहिलं. सोमारीच्या खाटेजवळ बाटलीची रिकामी सळई उभी होती.

"जे औषध इले देल्लं, तेच तिलेबी देल्लं असतं?"

"हो."

"आन् मंगली वाचली असती."

"वाचली असती," गुणवंतराव म्हणाले, आणि मग हळूच, "बहुतेक." तो शब्द तोंडातून निघाल्याबरोबर त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

वारलूनं त्यांना मारलं असतं तर बरं झालं असतं. ओरडला असता, चार माणसं गोळा केली असती, तरी चाललं असतं. तो फक्त बसून राहिला. गुणवंतरावांनी हात जोडले. "मले माफ कर, वारलू."

"भाऊ," वारलू म्हणाला, आणि त्याच्या आवाजात राग कुठे आहे ते गुणवंतराव शोधत राहिले, "दोन महिने झाले, मी रोज सकाळी त्याले सांगून राह्यलो का मंगलीले मी मारलं. तुमच्याच वसरीवर बसून. तुमी बाजूले बसून आयकत होते."

"हो."

"रोज आयकत होते."

वारलू उठला. आत गेला. सोमारीच्या खाटेशी गुडघे टेकले, डोकं तिच्या पायाशी ठेवलं. त्याचे खांदे हलायला लागले. मग पुष्कळ वेळानं थांबले, आणि ओठ तेवढे हलत राहिले.

गुणवंतराव दारात उभे होते. वारलू काय म्हणतो आहे ते ऐकायला त्यांनी कान लावला. आपलं नाव त्यात आहे का? असलं तर आपल्यासाठी तो काय मागतो आहे, शिक्षा की क्षमा? की आपला विषयच नाही आता तिथे? काही ऐकू येत नव्हतं. दोन पावलं पुढं गेलं असतं तर आलं असतं, पण त्यांची हिंमत झाली नाही. त्यांनी स्वतःही डोळे मिटून पाहिले. 'प्रभू' एवढा एक शब्द आला आणि त्याच्यापुढे काही नाही. शब्दही आपला नाही, दुसऱ्या कुणाचा उचलून आणलेला, असं वाटून त्यांनी डोळे उघडले.

रुखमाबाई बाजूला येऊन उभी होती. तिच्या म्हाताऱ्याला दुपारी नागपूरला न्यायचं ठरलं होतं. ती दबकत म्हणाली, "भाऊ, आमी तुमच्यातले नाई. पन तुमी प्रार्थनेचे मानूस हाय असं आयकलं. आमच्या मानसासाठी दोन शब्द बोला."

"मले प्रार्थना येत नाई, बाई," गुणवंतराव म्हणाले.

ती गोंधळली. त्यांच्या पांढऱ्या धोतराकडे आणि खांद्यावरच्या पिशवीकडे तिनं पाहिलं. मग आत पाहिलं. "मंग त्या भाऊले सांगू?"

"त्याले सांगा," गुणवंतराव म्हणाले. "पन आत्ता नको. त्याचं होऊ द्या."

रुखमाबाई भिंतीला टेकून वाट बघत बसली. गुणवंतराव पायऱ्या उतरून फाट्याची बस धरायला निघून गेले. वारलूला ते सांगून गेले नाहीत, आणि वारलूनंही मागे वळून पाहिलं नाही.